दोनशे डॉलर्सचे स्वप्न
(अमेरिकेतील म्हाताऱ्यांच्या एका झुंजीची कहाणी)

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती, लांबलचक मोटारी आणि घड्याळाकडे पाहत धावणारी तरुण माणसे उभी राहतात. त्या देशात म्हातारी माणसेही असतील, ती कोठे तरी राहत असतील आणि महिन्याच्या अखेरीस त्यांनाही वाण्याचे बिल चुकते करावे लागत असेल, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. आपल्याकडे म्हातारपणाची तरतूद म्हणजे मुलगा. मुलगा चांगला निघाला तर आजोबांचे पान पहिल्या पंगतीला मांडले जाते. वाईट निघाला तर ते नशिबाचे भोग. या दोन्ही गोष्टींशी सरकारचा काही संबंध असावा, असे पिढ्यान्‌पिढ्या कोणाला वाटले नाही. गंमत अशी, की १९३० सालापर्यंत अमेरिकेतही जवळजवळ हाच विचार होता. फक्त मुलाच्या जोडीला तिथे बँकेतली शिल्लक होती, एवढाच काय तो फरक.

ही समजूत मोडून काढण्यात तिथल्या म्हाताऱ्यांचा स्वतःचा वाटा मोठा आहे. त्यांचा पहिला पुढारी होता एक सहासष्ट वर्षांचा, नोकरी गेलेला डॉक्टर. त्याने मांडलेला हिशेब चुकीचा होता. त्याने मागितलेली रक्कम कोणालाही, कधीही मिळाली नाही. त्याला तुरुंगाच्या दारापर्यंत जावे लागले, आणि राजकारणात तर त्याचे पुरते हसे झाले. तरीही त्याचे नाव टाळून अमेरिकेतील वृद्धांच्या पेन्शनचा इतिहास लिहिता येत नाही. ही कहाणी त्या माणसाची, आणि त्याच्यामागून राज्यकर्त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिलेल्या माणसांची.

समुद्रकाठचे म्हातारे

फ्रान्सिस टाउनसेंड याचा जन्म १८६७ साली इलिनॉय राज्यातील फेअरबरी या गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तरुणपणी त्याने शेतमजुरी केली, फिरता विक्रेता म्हणून दारोदार हिंडून पाहिले, आणि तिशी उलटल्यावर वैद्यकाच्या शाळेत नाव घातले. १९०३ साली ओमाहाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून तो डॉक्टर झाला आणि साउथ डाकोटातल्या बेल फूर्श नावाच्या खाणवाल्या-गुराख्यांच्या मुलखात त्याने दवाखाना थाटला. पैसा त्याच्या हाताला कधी चिकटला नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर प्रकृती सांभाळण्यासाठी तो बायकोमुलांसह कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाँग बीच या शहरात येऊन राहिला.

लाँग बीच हे त्या काळी पेन्शनरांचे गाव होते. मध्य अमेरिकेतील शेतकरी, दुकानदार, शिक्षक आयुष्यभर बर्फात काम करीत आणि उतारवयात शेतीवाडी विकून, आलेला पैसा बँकेत ठेवून या उबदार किनाऱ्यावर येऊन राहत. आयोवा राज्यातली इतकी माणसे तिथे जमली होती, की लोक त्या शहराला थट्टेने ‘समुद्रकाठचे आयोवा’ म्हणत. या मंडळींना उधळपट्टी ठाऊक नव्हती. दारू नाही, जुगार नाही, रविवार चुकवायचा नाही, आणि पैला पै जोडायची. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेठेतल्या निवृत्त मास्तरांसारखीच ही माणसे होती.

आणि मग १९२९ चा तो प्रसिद्ध गडगडाट झाला. शेअरबाजार कोसळला, पाठोपाठ बँका बुडू लागल्या. १९३० ते १९३३ या काळात सुमारे नऊ हजार बँकांना टाळे लागले. १९३३ साली काम करू शकणाऱ्या दर चार माणसांतला एक बेकार होता. तरुण बेकार निदान रस्त्याला लागू शकत होता. म्हाताऱ्याला चाळिशीतली माणसे रांगेत उभी असताना कोण कामावर घेणार? बँकेतली शिल्लक गेली, घरावरचे कर्ज उरले, आणि ज्या मुलाकडे जायचे तो मुलगाच सुपाच्या रांगेत उभा होता. शेवटचा आसरा म्हणजे गावोगाव असलेली, कंगालांना ठेवण्याची जागा. तिला तिकडे ‘पुअरहाउस’ म्हणत. तिथे जाण्यापेक्षा मरण पत्करले, असे म्हणणारी माणसे थोडी नव्हती.

कायदे अगदीच नव्हते असे नाही. अब्राहम एपस्टाइन नावाच्या एका तळमळीच्या माणसाने १९२७ साली खास यासाठी संस्था काढली होती. ‘ईगल्स’ या नावाने चालणारे बंधुमंडळ राज्याराज्यांच्या विधिमंडळांत वृद्धवेतनाचे मसुदे घेऊन हिंडत होते. काही राज्यांनी कायदे केलेही. पण पैसे द्यायचे की नाहीत हे पुष्कळदा त्या त्या जिल्ह्याच्या मर्जीवर सोडलेले असे, आणि द्यायचेच झाले तर आधी माणूस पुरता नागवला गेला आहे, याची खात्री करून घेतली जाई.

टाउनसेंडला या काळात लाँग बीचच्या आरोग्यखात्यात एक लहानशी नोकरी मिळाली होती. गरीब म्हाताऱ्यांना तपासायचे हे त्याचे काम. १९३३ साली तीही गेली. पुढे आत्मचरित्रात त्याने एक प्रसंग सांगितला आहे. एके सकाळी दाढी करताना त्याने खिडकीतून खाली गल्लीत पाहिले, तो तीन म्हाताऱ्या बायका कचऱ्याचे डबे उपसून खाण्यासारखे काही मिळते का ते शोधत होत्या. त्याने मोठमोठ्याने शिव्याशाप द्यायला सुरुवात केली. बायको धावत आली. शेजारी ऐकतील म्हणून ती त्याला गप्प बसवू लागली. तो म्हणाला की शेजाऱ्यांनीच काय, परमेश्वरानेही ऐकावे म्हणूनच मी ओरडतो आहे. इतिहासकारांना या प्रसंगाच्या सत्यतेबद्दल शंका आहे. गोष्ट फार नेटकी जमली आहे, असे ते म्हणतात. पण असली दृश्ये त्या वर्षी अमेरिकेच्या कुठल्याही शहरात दिसत होती, याबद्दल मात्र दुमत नाही.

एका पत्राचा चमत्कार

१९३३ च्या सप्टेंबरअखेर गावातल्या वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात टाउनसेंडचे एक पत्र छापून आले. त्यातली कल्पना पाहता पाहता आकाराला आली ती अशी: साठ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाने काम सोडावे. सरकारने त्याला दरमहा दोनशे डॉलर्स द्यावेत. अट एकच, की ते सारे पैसे महिन्याच्या आत देशातच खर्च झाले पाहिजेत. म्हातारे खर्च करू लागले की दुकाने चालतील, दुकाने चालली की कारखाने चालतील. आणि म्हाताऱ्यांनी सोडलेल्या जागा तरुणांना मिळतील. पैसा आणायचा कोठून? तर देशातल्या प्रत्येक खरेदी-विक्रीवर शेकडा दोन कर बसवून.

कल्पना इतकी सोपी, की पाटीवर मांडून दाखवावी. पण पाटीवरचे दुसरे गणित कोणी केले नव्हते. साठीवरची माणसे त्या वेळी एक कोटीच्या घरात होती. दरमहा दोनशेच्या हिशेबाने वर्षाला चोवीस अब्ज डॉलर्स लागले असते, आणि त्या वर्षी साऱ्या अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्नच पन्नास अब्जांच्या आसपास होते! म्हणजे अकरा-बारा माणसांतल्या एकाला निम्मे ताट वाढायचे आणि उरलेल्यांनी निम्म्यात भागवायचे. अर्थशास्त्रज्ञांनी कपाळावर हात मारून घेतला. एखाद्या धडधाकट कामगाराला महिनाभर राबून शंभर डॉलर्स मिळण्याची मारामार, आणि इथे दोघा म्हाताराम्हातारीला घरबसल्या चारशे!

पण लोकांनी हिशेब पाहिला नाही. त्यांनी त्यातला मान पाहिला. आजवर म्हाताऱ्याला जे मिळे ते भीक म्हणून मिळे. हा डॉक्टर म्हणत होता की तुम्ही भिकारी नाही. तुम्ही देशाचे काम करणार आहात, तुमचे काम म्हणजे खर्च करणे. ज्यांनी आयुष्यभर पै पै साठवली आणि ती डोळ्यांदेखत बुडालेली पाहिली, त्यांना कोणी तरी सांगत होते की तुम्ही खर्च केलात तर देश तरेल. यातली नशा आपण समजून घेतली पाहिजे.

जानेवारी १९३४ मध्ये टाउनसेंडने रॉबर्ट क्लेमेंट्स या जमीनजुमल्याच्या तरुण दलालाला हाताशी धरून रीतसर संस्था नोंदवली. क्लेमेंट्स हा संघटनेतला पक्का माणूस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन पार्क येथे पहिला ‘टाउनसेंड क्लब’ निघाला आणि मग वणव्यासारखे क्लब पसरत गेले. वर्षा-दोन वर्षांत त्यांची संख्या हजारांत गेली. क्लबाची बैठक म्हणजे अर्धी प्रार्थनासभा आणि अर्धी वनभोजनाची सहल. चर्चमधल्या ओळखीच्या चालींवर डॉक्टरांची गाणी म्हणायची, घरून केलेले केक विकून निधी जमवायचा, आणि शेवटी सगळ्यांनी बसून आपापल्या लोकप्रतिनिधीला पत्रे लिहायची. पत्रे लिहायला म्हाताऱ्यांजवळ वेळच वेळ होता! वॉशिंग्टनच्या टपालखात्यात पोत्यांनी पत्रे येऊन पडू लागली. सह्यांच्या अर्जांची भेंडोळी आली. आणि १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये निवडणुका झाल्या तेव्हा क्लबांनी एकेका उमेदवाराला एकच प्रश्न विचारला: टाउनसेंड योजनेला तुमचा पाठिंबा आहे, की नाही?

राजधानीत

अमेरिकेच्या विधिमंडळाला काँग्रेस म्हणतात. त्याची दोन सभागृहे, प्रतिनिधिगृह आणि सिनेट. या निवडणुकीत कॅलिफोर्नियातून जॉन मॅकग्रोर्टी नावाचे गृहस्थ प्रतिनिधिगृहात निवडून आले. हे मुळात कवी आणि नाटककार, आपल्या राज्याचे राजकवी. १६ जानेवारी १९३५ रोजी त्यांनी टाउनसेंड योजनेचे विधेयक मांडले. कवीने मांडलेले अर्थविषयक विधेयक म्हणून त्याची थट्टा झालीच. पण दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने आपले आर्थिक संरक्षणाचे विधेयक काँग्रेसपुढे ठेवले.

हे विधेयक तयार करणाऱ्या समितीच्या अध्यक्षा होत्या फ्रान्सिस पर्किन्स. या मजूरमंत्री, आणि अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेली पहिली स्त्री. विस्कॉन्सिनचे प्राध्यापक एडविन विटे आणि त्यांच्या हाताखालची तरुण मंडळी यांनी १९३४ च्या उन्हाळ्यापासून आकडेमोड चालवली होती. त्यांची योजना दुपदरी होती. जे आजच म्हातारे आणि गरीब आहेत त्यांना राज्ये जे देतील त्यात केंद्राने निम्मी भर घालायची. केंद्राचा वाटा दरमहा पंधरा डॉलर्सपर्यंत. आणि जे आज कामावर आहेत त्यांच्या पगारातून थोडे कापायचे, मालकाने तेवढेच घालायचे, आणि म्हातारपणी त्या विम्याचे वेतन द्यायचे. रूझवेल्टचा कटाक्ष या कापण्यावर होता. माणसाने स्वतःच्या पगारातून पैसे भरले की तो त्याचा हक्क झाला. मग पुढचा कोणीही पुढारी तो हिसकावून घेऊ शकणार नाही, हे त्यांचे राजकारण होते.

पंधरा कोठे आणि दोनशे कोठे! टाउनसेंड स्वतः काँग्रेसच्या समित्यांपुढे साक्षीला गेला. उंच, हडकुळा, पांढऱ्या मिशांचा हा म्हातारा सभासदांच्या उलटतपासणीत वारंवार अडखळला. आकड्यांत त्याला कोणीही पकडावे. पण सभासद त्याला हसत असले, तरी त्याच्या मागे घरोघर बसलेल्या मतदारांना हसण्याची कोणाची छाती नव्हती. पर्किन्सबाईंनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की रूझवेल्टना याची पुरती जाणीव होती. खरोखरीची वृद्धविमा योजना आपण दिली नाही, तर टाउनसेंडचे दडपण काँग्रेसला सोसवणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

एप्रिलच्या १८ तारखेला प्रतिनिधिगृहात कसोटीची वेळ आली. सरकारी विधेयकाच्या जागी टाउनसेंड योजना घालावी अशी दुरुस्ती मांडली गेली. मते उभे राहून मोजली. कोणी कोणते मत दिले याची नोंद होऊ दिली नाही. दुरुस्तीच्या बाजूला ५६ आणि विरुद्ध २०६. सभागृहाचे सभासद ४३५. म्हणजे दीडशेहून अधिक लोकप्रतिनिधी त्या वेळी नेमके जागेवर नव्हते! ज्यांना ‘हो’ म्हणण्याची लाज वाटत होती आणि ‘नाही’ म्हणण्याची भीती, ते बाहेर गेले होते. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे परतले. पंधरा डॉलर्सचे सरकारी विधेयक ३७२ विरुद्ध ३३ मतांनी मंजूर झाले. जूनमध्ये सिनेटने ७७ विरुद्ध ६ मतांनी त्यावर शिक्का मारला, आणि १४ ऑगस्ट १९३५ रोजी रूझवेल्टनी सही केली. सामाजिक सुरक्षेचा तो प्रसिद्ध कायदा हा असा झाला. दोनशे मागणारा म्हातारा दारात उभा होता म्हणून पंधरा देणारे शहाणे आणि व्यवहारी दिसले.

पण या कायद्याची चाळण मोठ्या भोकांची होती, हेही सांगितले पाहिजे. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका यांना विम्यातून वगळले होते. दक्षिणेतले बहुसंख्य निग्रो कामकरी याच दोन धंद्यांत होते. काळ्यांच्या संघटनेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी सिनेटच्या समितीपुढे हे स्पष्ट सांगितले होते. कोणी ऐकले नाही. त्यांच्यामागे पत्रांची पोती नव्हती. दक्षिणेत तर त्यांच्या माणसांना मतदानही करू दिले जात नव्हते. या वर्गांना कायद्याच्या छपराखाली यायला १९५० आणि १९५४ ही साले उजाडावी लागली. ज्याचा आवाज मोठा त्याचे पान आधी मांडले जाते, हा न्याय तिथेही चुकला नाही.

टाउनसेंडचे पुढे काय झाले? १९३६ साली संस्थेच्या पैशांची चौकशी करायला काँग्रेसने समिती नेमली. क्लेमेंट्सने राजीनामा दिला. डॉक्टर मे महिन्यात साक्ष अर्धी टाकून समितीसमोरून उठून गेले. सभागृहाच्या अवमानाबद्दल त्यांना तीस दिवसांची कैद सुनावली गेली. १९३८ च्या एप्रिलमध्ये ते तुरुंगात जायला निघाले तेव्हा रूझवेल्टनीच त्यांना माफी दिली. एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला गजाआड घालून त्याला हुतात्मा करण्याइतके रूझवेल्ट भोळे नव्हते! १९३६ च्या निवडणुकीत डॉक्टरांनी तिसऱ्या पक्षाशी केलेली सोयरीकही फसली. त्या पक्षाला शेकडा दोन मतेही पडली नाहीत. तरी १९३९ साली योजनेवर पुन्हा मतदान झाले तेव्हा ९७ सभासद तिच्या बाजूने उभे राहिले. विरुद्ध ३०२ होते. त्याच वर्षी काँग्रेसने मूळ कायद्यात विधवांची आणि मुलांची सोय केली आणि वेतन दोन वर्षे अलीकडे आणले.

त्यामुळे ३१ जानेवारी १९४० रोजी पहिला मासिक चेक निघाला. तो मिळाला व्हरमाँट राज्यातल्या आयडा मे फुलर या निवृत्त कारकून बाईंना. रक्कम २२ डॉलर्स ५४ सेंट्स. बाईंच्या पगारातून तीन वर्षांत कापले गेले होते २४ डॉलर्स ७५ सेंट्स. त्या शंभर वर्षे जगल्या आणि १९७५ साली वारल्या, तोवर त्यांनी बावीस हजारांवर डॉलर्स घेतले. विमा कसा फळतो याचे इतके सुरस उदाहरण कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत सापडायचे नाही. टाउनसेंड १९६० साली, त्र्याण्णव वर्षांचा होऊन वारला. क्लब तेव्हा नावापुरते उरले होते.

मुख्याध्यापिका

दुसरी पिढी अगदी वेगळ्या वळणाची निघाली. एथेल पर्सी अँड्रस या बाई लॉस एंजेलिसच्या लिंकन हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. १९४४ साली आईच्या आजारपणासाठी त्यांनी नोकरी सोडली. आयुष्यभर शिकवल्यावर त्यांना पेन्शन बसले ते दरमहा साठ डॉलर्सच्या आसपास. अशी हकीकत सांगतात, की एका जुन्या शिक्षिकेची चौकशी करीत त्या गेल्या, तेव्हा ती बाई कोंबड्यांच्या खुराड्यात राहत असलेली त्यांना आढळली. पोरांना शहाणे करून सोडणाऱ्या मास्तरणीचा शेवट खुराड्यात! १९४७ साली अँड्रसबाईंनी निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली.

त्यांनी दोनशे डॉलर्स मागितले नाहीत. त्यांनी मागितला आजारपणाचा विमा. चाळीसच्या वर कंपन्यांनी त्यांना वाटेला लावले. म्हाताऱ्यांचा विमा म्हणजे जळत्या घराचा विमा, असा त्यांचा हिशेब. अखेर लिओनार्ड डेव्हिस या न्यूयॉर्ककडच्या विमा-दलालाने एक कंपनी तयार केली. १९५८ साली बाईंनी शिक्षकांपलीकडच्या साऱ्या निवृत्तांसाठी दुसरी संघटना उभारली. पुढे एएआरपी या नावाने ती कोट्यवधी सभासदांची झाली. लोकसेवा आणि विम्याचा धंदा एकाच छपराखाली चालतो, ही टीकाही तिच्या वाट्याला पुष्कळ आली.

या सुमारास खरा रणसंग्राम चालू होता तो सरकारी आरोग्यविम्याचा. कामगार संघटनांच्या पाठबळावर १९६१ मध्ये निघालेली ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय परिषद एका बाजूला, आणि डॉक्टरांची बलाढ्य संघटना दुसऱ्या बाजूला. २० मे १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो म्हाताऱ्यांपुढे अध्यक्ष केनेडी यांनी भाषण केले आणि ते देशभर दाखवले गेले. सभा संपली, लोक घरी गेले, आणि त्या रिकाम्या मंडपात, इतस्ततः पडलेल्या कागदांमध्ये, डॉक्टरांचे प्रतिनिधी एडवर्ड ॲनिस यांनी मोकळ्या खुर्च्यांपुढे उत्तराचे भाषण केले. तेही देशाला दाखवले गेले. नाटक म्हणून रिकाम्या खुर्च्यांनी बाजी मारली. जुलैमध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी तो प्रस्ताव बाजूला ठेवला. म्हाताऱ्यांना आणखी तीन वर्षे थांबावे लागले. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली ती मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी जाऊन, वृद्ध माजी अध्यक्ष ट्रूमन यांच्या शेजारी बसून. पहिले कार्ड ट्रूमननाच दिले.

दर वर्षीची वारी

त्याच महिन्यात, १४ जुलै १९६५ रोजी, आणखी एका कायद्यावर सही झाली होती, ‘वृद्ध अमेरिकनांच्या कायद्या’वर. तो वाचला तर मन प्रसन्न होते. म्हाताऱ्यांना पुरेसे उत्पन्न असावे, उत्तम आरोग्य असावे, चांगले घर असावे, अशी दहा उद्दिष्टे त्यात ओळीने मांडली आहेत. जणू गुढीपाडव्याच्या शुभेच्छाच! पण पहिल्या वर्षी त्यासाठी ठेवलेली रक्कम साऱ्या देशाला मिळून एक कोटी डॉलर्ससुद्धा नव्हती.

इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. साऱ्या खटाटोपाचे मर्म त्यात आहे. सामाजिक सुरक्षेचे वेतन हा कायद्याने दिलेला हक्क. अटी पुऱ्या झाल्या की पैसे द्यावेच लागतात. पण म्हाताऱ्यांचे जेवण, त्यांना दवाखान्यात नेणारी गाडी, एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी जाणारी मदतनीस, या गोष्टी दुसऱ्या जातीच्या. कायदा नुसती परवानगी देतो. पैसे दर वर्षी काँग्रेसच्या अर्थवाटप समितीने द्यायचे असतात. तिने हात आखडला, तर कायदा पुस्तकात आणि म्हातारा उपाशी.

हे ओळखणारा माणूस म्हणजे ऱ्होड आयलंडचे जॉन फोगार्टी. हे मूळचे गवंडी, विटा रचण्याच्या कामावरून १९४० साली निवडून काँग्रेसमध्ये आलेले. १९६५ च्या या कायद्याचे ते एक जनक, आणि आरोग्यखात्याचे पैसे ठरवणाऱ्या उपसमितीचे अध्यक्षही तेच. जानेवारी १९६७ मध्ये, नव्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, कचेरीत काम करता करता ते गेले.

जेवणाची गोष्ट घ्या. फिलाडेल्फियात १९५४ सालापासून स्वयंसेवक अडलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी गरम ताट पोहोचवीत होते. ही कल्पना इंग्लंडातून, युद्धकाळातून आलेली. गावोगावच्या बायकांनी ती उचलली, पण वर्गणीवर किती ताटे भरणार? सिनेटर एडवर्ड केनेडी आणि फ्लॉरिडाचे प्रतिनिधी क्लॉड पेपर यांनी तो प्रश्न धसास लावला. २२ मार्च १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सही केली आणि म्हाताऱ्यांनी एकत्र बसून जेवावे यासाठी केंद्राचा पैसा सुरू झाला. घरपोच डब्यांसाठी वेगळी तरतूद व्हायला १९७८ उजाडले.

या डब्यांचे लोक पैसे मागायला जातात ते मोठे चतुराईने. २००२ सालापासून मार्च महिन्यात, त्या १९७२ च्या सहीची आठवण म्हणून, ते महापौरांना आणि लोकप्रतिनिधींना बोलावतात. भाषणाला नव्हे, तर डबे वाटायला. साहेबांनी स्वतः ताट हातात घेऊन जिना चढायचा, दार वाजवायचे, आणि आतल्या आजीबाईंशी पाच मिनिटे बोलायचे. त्या दिवशी तेवढाच माणूस त्या घरी आलेला असतो, हे ज्याने एकदा पाहिले त्याला पुढे समितीत बसून तरतुदीवर काट मारणे थोडे तरी जड जाते.

जोराची दुसरी बाजू

१९७० नंतर म्हाताऱ्यांचा आवाज कणखर झाला. मॅगी कून या बाईंना पासष्टावे लागताच चर्चच्या संस्थेतल्या नोकरीतून निवृत्त केले गेले आणि निरोपाची भेट म्हणून शिवणाचे यंत्र दिले. बाईंनी ते यंत्र कधी उघडलेच नाही. त्यांनी ‘ग्रे पँथर्स’ नावाची संघटना काढली. क्लॉड पेपर यांनी १९७८ साली सक्तीच्या निवृत्तीचे वय सत्तरवर नेले आणि १९८६ साली बहुतेक नोकऱ्यांतून ती अटच उठवून घेतली. अध्यक्ष रेगन यांनी १९८१ च्या मे महिन्यात लवकर निवृत्त होणाऱ्यांचे वेतन कापण्याची सूचना केली, तेव्हा सिनेटने ती ९६ विरुद्ध शून्य मतांनी झिडकारली. शून्य! १९३५ साली बाहेर पळून जाणारे आता जागेवर बसून एकमुखाने म्हाताऱ्यांच्या बाजूने बोलत होते.

पण जोर आला की मोहही येतो. १९८८ साली काँग्रेसने मोठ्या आजारांच्या खर्चासाठी मेडिकेअरमध्ये भर घातली, आणि तिचा खर्च सुस्थितीतल्या वृद्धांवर जादा कर बसवून काढायचे ठरवले. तेव्हा हेच सुस्थितीतले वृद्ध खवळले. १९८९ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत अर्थसमितीचे अध्यक्ष रोस्टेनकोव्स्की यांची मोटार म्हाताऱ्यांच्या जमावाने अडवली. काठ्या आणि फलक मोटारीवर आपटले, आणि त्या बलाढ्य गृहस्थांना उतरून पळ काढावा लागला. वर्षाअखेर कायदा रद्द झाला. त्यातून ज्या गरीब आजारी माणसांना आधार मिळणार होता, ती मोटारीपाशी आलेली नव्हती. ती अंथरुणावर होती.

या साऱ्या पन्नास वर्षांचा एक साक्षीदार होता. १९३४ साली प्रा. विटे यांच्या हाताखाली एकवीस वर्षांचा विल्बर कोहेन हा साहाय्यक होता. टाउनसेंडचे आकडे खोडून काढणाऱ्या पक्षातला तो. पुढे तो त्या खात्याचा मंत्री झाला, मेडिकेअर घडवण्यात त्याचा मोठा हात होता, आणि १९७९ साली, पेन्शनवर कुऱ्हाड येते असे दिसताच, म्हाताऱ्यांच्या शंभरावर संघटनांची मोट बांधून तोच काँग्रेसच्या दारात उभा राहिला. १९८७ मध्ये कोरियातल्या सोल येथे, वृद्धांच्या प्रश्नांवरच्या परिषदेला गेला असता, त्याला मृत्यू आला. हिशेब बरोबर असला तरी नुसत्या हिशेबाने ताट भरत नाही, हे त्याला कळून चुकले असावे.

आणि फळ? १९५९ साली अमेरिकेत पासष्टीवरच्या शंभरांतले पस्तीस दरिद्री होते. शतक संपता संपता ते प्रमाण शेकडा दहाच्या आसपास आले. पुअरहाउस हा शब्द आता तिथल्या मुलांना कोशात पाहावा लागतो.

आपल्याकडे केंद्र सरकारची वृद्धवेतनाची योजना आली ती १९९५ साली. दरडोई दरमहा ७५ रुपये. पुढे ते २०० झाले. दोनशे हा आकडा इथेही भेटावा, ही एक गंमतच. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीच्या जंतरमंतरवर ‘पेन्शन परिषद’ भरली. पुण्याच्या हमालांना संघटित करणारे डॉ. बाबा आढाव आणि राजस्थानच्या अरुणा रॉय हे तिचे पुढारी. मागणी होती दरमहा निदान दोन हजारांची. आलेली माणसे कोण होती? हमाल, कागद वेचणाऱ्या बायका, शेतमजूर. ऐंशी उलटलेल्या वयात आढाव त्यांच्यामध्ये बसले होते. अमेरिकेच्या कायद्याने १९३५ साली नेमके ज्यांना चाळणीतून खाली सोडले होते, तीच माणसे इथे पहिल्या रांगेत होती, हा फरक मोठा आहे.

मूल रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, असे आपण म्हणतो. सरकार तर आईही नव्हे. टाउनसेंडने रडून दाखवले, अँड्रसबाईंनी हिशेब मांडून दाखवला, डबेवाल्या बायकांनी ताटच हातात दिले. ज्यांना यातले काहीच जमत नाही, जे अंथरुणाला खिळले आहेत किंवा ज्यांच्या नावाची यादीत नोंदच नाही, त्यांच्या वतीने कोणी जायचे, एवढा प्रश्न या कहाणीतून शिल्लक राहतो. फराळाचे ताट शेजारच्या आजोबांकडे पोहोचवून येताना त्याचा थोडा विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.